चाळीस मिनिटांनी पेशंट घरी जातो

गेल्या अंकात मी मिरजेतल्या माझ्या ओपीडीचा एक सोमवार लिहिला होता. मनोविकार विभागाबाहेरचा लांब बाक, त्यावर अथणीहून पहिल्या एसटीने आलेली नवराबायको, जतची म्हातारी, तासगावचे बागायतदार, सगळ्यांच्या हातात घडी पडलेले केसपेपर. आणि आतल्या छोट्या खोलीत मी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. गोळ्या मी देत नाही, त्या शेजारच्या खोलीतले मनोविकारतज्ज्ञ देतात. मी टेस्टिंग करते आणि बोलते. पंचवीस वर्षं हेच. त्या लेखातलं एक वाक्य काही जणांना खटकलेलं दिसतं : 'वॉर्डातला पेशंट रात्रभर नर्सच्या नजरेखाली असतो, माझा पेशंट चाळीस मिनिटांनी घरी जातो आणि उरलेला आठवडा त्याच घरात काढतो, जिथे तो आजारी पडला.' एका काकांनी लिहिलं की हा घरच्यांवर आरोप आहे. नाही हो. घरात पडून कुणाचा पाय मोडला तर आपण घराला दोष देत नाही. पण प्लास्टर घालून त्याच घरात जायचंय म्हटल्यावर जिना कुठे आहे ते विचारतोच की.

पत्रं भरपूर आली, त्यातली काही घेतली आहेत. पेशंटच्या गोष्टी दोन-तीन जणांच्या मिसळून लिहिल्या आहेत. कुणी त्यात स्वतःला ओळखलंच, तर ती ओळख चुकली असं समजावं.

बायकोला सारखे हात धुण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी गोळ्या देऊन सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. पाच वेळा नेलं, दर वेळी आठशे रुपये. आत नुसतं बोलतात. बोलून आजार कसा जाणार? घरी ती दिवसातून शंभरदा विचारते, 'स्वच्छ आहे ना?' मी दर वेळी 'हो' म्हणतो, तेवढंच तिला बरं वाटतं. (सं. भो., बारामती)

दादा, नुसतं बोलून जात नाहीच. पाच खेपांनंतरही फक्त गप्पाच चालल्या असतील तर त्या मॅडमना सरळ विचारा, 'एक्सपोजर कधी सुरू करायचं?' (म्हणजे काय ते पुढे सांगते.) राग येणार नाही त्यांना. आला तर दुसरीकडे जा. मात्र पहिल्या तीन-चार खेपा बोलण्यात जातात हेही खरं. कशाला हात लागला की ती धुते, किती वेळा धुते, न धुतल्यास काय होईल असं वाटतं, आणि घरातलं कोण कोण त्यात सामील आहे, हे सगळं काढायला तेवढा वेळ लागतो.

या आजाराला, म्हणजे ओसीडीला, जो उपचार लागू पडतो तो ऐकायला क्रूर वाटतो. जे घाण वाटतं त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन पेशंटवर हे करून त्याची हकिगत छापली, तोवर या आजारापुढे डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते. आज जगभर हीच पद्धत चालते. पुस्तकात नाव 'एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन', आमच्या खोलीत नाव 'हात लावा, थांबा'.

एक पस्तिशीची बाई होती. घरात दुधाची पिशवी आली की आधी पिशवी धुवायची, मग हात कोपरापर्यंत, मग नळाची तोटी, कारण मघाशी ती खराब हाताने सोडली होती, मग परत हात. अकरा वेळा. मध्ये कुणी हाक मारून मोजणी चुकवली की पुन्हा एकपासून. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, त्यात साबण झोंबायचा, तरी सुटका नाही. तिच्या केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही भीतीची शिडी काढली, शून्य ते शंभर. चपलेचा तळ ९५. एसटीतला दांडा ७०. दुधाची पिशवी ४०. दाराची कडी ३०. कडी दोन आठवड्यांत जमली. मग एके दिवशी मी कँटीनमधून अर्ध्या लिटरची पिशवी आणली, फरशीवर ठेवली, उचलली, माझ्या दोन्ही तळव्यांना फासली आणि तिच्यापुढे धरली.

तिने घेतली. आकडा विचारला. 'साठ.' कागदावर ४० होते, हातात आल्यावर साठ झाले. दोन मिनिटांनी पासष्ट. साडीला लागू नयेत म्हणून हात मांडीच्या चार बोटं वर, हवेत धरलेले. मी म्हटलं, मांडीवर ठेवा. ठेवले. सत्तर. त्यानंतर आम्ही दोघींनी काहीच केलं नाही. मी तिला धीर दिला नाही, 'काही होत नाही हो' म्हटलं नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे तिच्या हातावर मीच पाणी घालण्यासारखं होतं. भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. बाहेर कंपाउंडर नंबर पुकारत होता. बाराव्या मिनिटाला पंचावन्न. विसाव्याला चाळीस. एकतिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, 'वीस असंल.' मग थोडं थांबून, 'काहीच केलं न्हाई तरी उतरतंय की हे!'

एवढ्यासाठी सगळा खटाटोप. हे मी तिला पहिल्याच दिवशी आलेख काढून सांगितलं होतं आणि तिने मानही डोलावली होती. कळलं ते मात्र एकतिसाव्या मिनिटाला.

आता तुमच्याकडे वळते. तुमचा 'हो' हा तिचा दुसरा नळ आहे. तो एकदम बंद करू नका, घरात भडका उडेल. तिच्यासमोर, मॅडमच्या खोलीत बसून ठरवा : या आठवड्यात दिवसाला दहा 'हो', पुढच्या आठवड्यात पाच. दहा संपले की म्हणायचं, 'हे तू विचारत नाहीस, आजार विचारतोय. त्याला मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.' आणि खरंच बसायचं, मोबाईल बाजूला ठेवून. पहिले काही दिवस ती चिडेल, रडेल, तुम्हाला दगड म्हणेल. तिचा आकडा वर चढतो आहे एवढाच त्याचा अर्थ. उतरायला वेळ द्या. आणि गोळ्या. ओसीडीला उदासीच्या आजारापेक्षा बहुधा जास्त डोस लागतो आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. सहाव्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून आपल्या मनाने गोळ्या सोडलेली माणसं मी रोज बघते. त्यांच्यात भर घालू नका.

मुलगी २२ वर्षांची, तीन महिने थेरपिस्टकडे जाते. फी मी भरते. पण त्या बाई मला एक शब्द सांगत नाहीत. सगळं नको, निदान माझ्याबद्दल काय बोलते एवढं तरी आईला कळायला नको का? (नाव नको, नाशिक)

ताई, तुमच्या पत्रातला खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आलाय, आणि तो वाचून मला तुमच्याबद्दल आपुलकीच वाटली. कुठल्या आईला तो पडत नाही?

पण नाही, त्या सांगणार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ आहे, पेशंटच्या गोपनीयतेचं. तुमची लेक सज्ञान आहे. तिच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं दिसलं, किंवा कोर्टाने मागितलं, अशा मोजक्या वेळी ते दार उघडतं. फी कोण भरतं याचा त्याच्याशी संबंध नाही. (१८ च्या आतलं मूल असेल तर गणित वेगळं. तिथे पालक उपचारात असतातच, तरी पोराची प्रत्येक गोष्ट आईबापांच्या कानावर घालायची नसते.)

कायदा राहू द्या, आमच्या खोलीचं सांगते. माझ्या आणि बाहेरच्या बाकाच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. बाकावर बसणाऱ्याला आतलं निम्मं ऐकू येतं. पक्की भिंत मागून मागून मी दमले. शेवटी पार्टिशनला लागून एक जुना टेबलफॅन ठेवला, ज्याची पाती जाळीला घासतात आणि खर्रखर्र आवाज येतो. तो मी डिसेंबरातही चालू ठेवते. शिपाईमामा म्हणतात, मॅडम, थंडीत कशाला? एकदा एक आई त्या बाकावर बसून कान देत होती. पंखा लागल्यावर ती उठून आत आली आणि म्हणाली, 'पंखा बंद करा, पोरीला सर्दी हाय.' पोरगी खुदकन हसली. त्या पोरीचं माझ्या खोलीतलं ते पहिलं हसू.

तुम्ही एक करू शकता. लेकीला विचारून तिघींची एक एकत्र भेट मागा. तिथे 'ती काय बोलते' हे नका विचारू. 'घरी मी काय करायचं थांबवू?' असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा फार लहान निघतं. दार न ठोकता आत येणं, जेवताना लग्नाचा विषय काढणं, असलं काहीतरी. आणि तुम्हाला काही कळवावंसं वाटलं तर बाईंना जरूर कळवा. मात्र तुमचा फोन आला होता हे त्या मुलीला सांगतील, हे धरून चाला. मीही सांगते.

मोठा भाऊ ४४ वर्षांचा, द्राक्षबाग. अवकाळीनं माल गेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. जेवत नाही, पहाटे तीनला उठून ओसरीवर बसतो. परवा म्हणाला, 'माझ्यामागं पोरांकडं बघ.' विचारावं तर आपणच भलतं डोक्यात घालू अशी भीती वाटते. (वि. पा., कवठेमहांकाळ तालुका)

हे पत्र मिळाल्या दिवशीच संपादकांनी मला फोन केला आणि मी पत्रलेखकाला. भाऊ आता उपचार घेत आहेत आणि हे छापायला दोघांची हरकत नाही. अशी आणखी घरं असतील म्हणून इथे घेते. पण घरात असं कुणी असेल तर मासिकाला पत्र लिहीत बसू नका.

विचारायचं. सरळ, मराठीत, शेजारी बसून : 'दादा, मरावंसं वाटतंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हे अभ्यासांत तपासून झालेलं आहे आणि मी टेबलापलीकडच्या चेहऱ्यावर शेकडो वेळा पाहिलेलं आहे. खांदे खाली येतात. माणूस म्हणतो, 'येतं मनात.' तेव्हा 'वेड्यासारखं बोलू नकोस, पोरांचा विचार कर' असं म्हणायचं नाही. पोरांचा विचार करूनच तो तिथवर पोचलेला असतो. 'कधीपासून?' एवढंच विचारा आणि ऐका.

मग त्याच दिवशी दवाखाना. शेतातली फवारणीची औषधं घरातून हलवा, शेजाऱ्याच्या गोदामात कुलपात ठेवा, किल्ली भावाला माहीत नको. अगदी साधी गोष्ट वाटते, पण श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. ती वेळ टळली की बहुतेक माणसं जगतात. रात्री त्याला एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पोलीस केसची भीती खेड्यात फार. बोलून दाखवल्याबद्दल कुठलीही केस होत नाही. प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७ चा कायदा कमालीच्या ताणाखाली होता असंच धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम नाही.

पहाटे तीनला जाग येणं आणि सकाळचा पहिला प्रहर सर्वांत वाईट जाणं ही उदासीच्या आजाराची जुनी खूण आहे. गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. 'गोळीनं कर्ज फिटतंय व्हय?' हे मला दर हंगामात कुणीतरी ऐकवतं. नाही फिटत. पण सोसायटीच्या सचिवासमोर बसून हप्त्याचं बोलायला झोप झालेलं डोकं लागतं.

एमए मानसशास्त्र झालं आहे, ६८ टक्के. एका तीन महिन्यांच्या ऑनलाइन 'थेरपिस्ट' कोर्सची जाहिरात बघितली. तो करून क्लिनिक टाकता येईल का? आणि खरं सांगा मॅडम, यात पैसे आहेत का? (प्रा. क., लातूर)

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असा बोर्ड लावता येणार नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, आमची नोंदणी करते, आणि त्यासाठी एमएच्या पुढे परिषदेने मान्य केलेलं, दवाखान्यात राबून केलेलं शिक्षण लागतं. आमच्या वेळी ते दोन वर्षांचं एमफिल होतं. आता एमफिल जाऊन अभ्यासक्रमांची मांडणी बदलते आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं आणि त्या कोर्सचं नाव आरसीआयच्या यादीत आहे का ते स्वतः बघ. फोनवरच्या मुलीच्या 'हो मॅम' वर जाऊ नकोस. तीन महिन्यांच्या कोर्सने तुला चार चांगल्या गोष्टी कळतील. पण तुझ्यासमोर बसलेली मुलगी उदास आहे की तिच्या कानात आवाज येताहेत, हे ओळखायला त्या पुरणार नाहीत, आणि आवाज येणाऱ्या मुलीला गोळ्यांशिवाय नुसतं समुपदेशन देत राहणं हा गुन्हा नसला तरी पाप आहे.

मी शिकले रांचीजवळ कांक्याला, तिथल्या १९१८ सालच्या मोठ्या मानसोपचार संस्थेत. गेले तेव्हा ते बिहार होतं, २००० मध्ये परतले आणि त्याच वर्षी झारखंड झालं. पहिल्या महिन्यात मी एका पेशंटच्या नोंदीत 'पेशंट डिप्रेस्ड आहे' असं लिहिलं. सरांनी लाल शाईने खोडलं : 'तो काय म्हणाला ते लिही. तुझं मत कुणी विचारलं?' तो म्हणाला होता, 'मन उचट गया है.' मिरजेत आल्यावर मला ती सवय कामी आली. इथे कुणी 'मला नैराश्य आहे' म्हणत येत नाही. 'डोस्कं बधिर झालंय', 'अंगात त्राण न्हाई', 'काळजात कालवाकालव होतीया', 'करमंना'. एक आजोबा म्हणाले, 'घरात हाय पण घरात न्हाई.' हे जसंच्या तसं केसपेपरवर असेल तर तीन महिन्यांनी त्यांनाच वाचून दाखवता येतं : 'बाबा, तवा असं म्हणत होता, आता?'

आणि सगळा दिवस काही थेरपीत जात नाही. माझा निम्मा वेळ टेस्टिंगमध्ये जातो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्ध्यंक, शाळेत मागे पडणारी पोरं, अपघातानंतरची स्मृती. बिने-कामत चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली, हे आमच्या सीमाभागाचं नशीब. अथणीचं पोरगं मराठीत अडखळतं आणि कन्नडमध्ये फाडफाड उत्तरं देतं. भाषाच नको असेल तर भाटियांच्या चाचणीतले ठोकळे. एका मुलासाठी दीड तास, मग संध्याकाळी रिपोर्ट. दाखल्यावर सही होईपर्यंत त्या बापाने तीन वेळा रजा टाकलेली असते आणि राग माझ्यावर निघतो.

पैसे? सरकारी कार्यक्रमात बहुतेक जागा कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर. माझा पहिला पगार सहा हजार होता. शहरात खासगीत बरे मिळतात, पण पाच वर्षांनी. मात्र कामाचा तुटवडा कधी पडणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता) दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या घडीला काही ना काही मानसिक विकार होता आणि त्यातले बहुतेक कुठल्याच उपचारापर्यंत पोचलेले नव्हते. ये तू. पण रस्त्याने ये, कुंपणावरून नको.

मी न्यू जर्सीत असते. इथली थेरपिस्ट चांगली आहे, पण रडू मराठीत येतं. तुमच्याकडे व्हिडिओवर येऊ का? (म. दे.)

रडू मराठीत येतं, हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. पण मी नको. तुमच्याकडे थेरपीचा परवाना राज्याराज्याचा असतो आणि माझा तिथे चालत नाही. शिवाय व्हिडिओवर मी पहिला प्रश्न विचारते तो असा, की आत्ता तुम्ही नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहात आणि गरज पडली तर पाच मिनिटांत तुमच्या दाराशी कोण येईल. न्यू जर्सीतल्या दाराशी मिरजेहून मी कुणाला पाठवणार? तिथे परवाना असलेल्या मराठी किंवा निदान हिंदी बोलणाऱ्या थेरपिस्ट शोधा. नाही मिळाल्या तर आहेत त्यांच्यासमोरच आधी मराठीत बोलून टाका, मग त्यांना त्याचा अर्थ सांगा. माझे कन्नड पेशंट असंच करतात आणि मला त्यांची भाषा त्यांच्याइतकी येत नाही.

दिवसभर लोकांच्या रडकथा ऐकून तुम्हालाच काही होत नाही का? (शि. जा., इचलकरंजी)

होतं. चार वाजता चहाबरोबर तळलेलं काहीतरी खाल्ल्याशिवाय मी माणसात येत नाही, आणि वजनकाटा त्याचा साक्षीदार आहे. दर पंधरवड्याला एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी तासभर बोलते, पेशंटचं नाव न घेता, माझं कुठे चुकलं ते. त्यांच्याशी बोलताना सर्वांत जास्त वेळा मी २०१९ च्या ऑगस्टवर आले असेन.

कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर गेलं होतं. गावंच्या गावं शाळांमध्ये आणि मंगल कार्यालयांत उतरली होती. मी तिसऱ्या दिवशी एका शाळेत गेले. माझ्याकडे नऊ प्रश्नांचा उदासी मोजायचा फॉर्म होता, पन्नास प्रती. पाचवी 'ब' च्या वर्गात एक बाई सतरंजीवर बसली होती, शेजारी स्टीलचा डबा आणि गुंडाळलेला सात-बारा. मी खाली बसले आणि शिकल्याप्रमाणे मऊ आवाजात विचारलं, 'मावशी, काय वाटतंय?' तिने माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. म्हणाली, 'तीन म्हशी गेल्या. तू काय आणलंयस?'

मी काहीच आणलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेची आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका २०११ ची आहे, त्यात चक्क लिहिलंय : आधी बघा, मग ऐका, मग जी मदत हवी तिच्याशी जोडून द्या, आणि कुणाला घडलेलं उकरून सांगायला लावू नका. मी ती वाचली होती. वाचून फॉर्म घेऊन गेले होते. त्या दुपारी फॉर्म पिशवीत ठेवले आणि जनावरांच्या पंचनाम्याच्या रांगेत तिच्याबरोबर उभी राहिले, तलाठ्याला तिचं म्हणणं नीट लिहून दिलं. रांगेत दोन तास लागले. दुसऱ्या तासात ती आपणहून बोलायला लागली : रात्री दावं कापायला नवरा उतरला होता, एकीचं कापलं, बाकीच्यांचं राहिलं. आठ महिन्यांनी ती त्याला घेऊन ओपीडीत आली. त्याला पाऊस सुरू झाला की कापरं भरायचं. मला बघून म्हणाली, 'ही ती रांगंतली बाई.'

पेशंट बरा झाला हे तुम्हाला कळतं कसं? (कु. शे., मिरज)

बहुतेक वेळा कळतच नाही. तो यायचा थांबतो. रजिस्टरमध्ये आम्ही 'फॉलोअपला आले नाहीत' असं लिहितो आणि त्यात बरे झालेले, कंटाळलेले, मांत्रिकाकडे गेलेले आणि एसटीचं भाडं नसलेले सगळे एकाच ओळीत बसतात. फोन करून विचारता येतं, आणि जिवाचा धोका होता अशांना मी करतेच. बाकीच्यांचं राहतं.

रस्त्यात भेटले तर मी आधी ओळख दाखवत नाही. नियमच आहे तो. त्यांच्याबरोबर कोण आहे आणि त्या माणसाला काय माहीत आहे, हे मला माहीत नसतं. गेल्या फाल्गुनात मार्केटच्या रस्त्याला एक शेतकरी टेम्पोच्या फाळक्यावर द्राक्षं मांडून बसला होता. सहा वर्षांपूर्वी वर्षभर यायचा माझ्याकडे. सुरुवातीला त्याचा भाऊच त्याच्या वतीने बोलायचा. मी दुसरीकडे बघत भाव विचारला. 'ऐंशी.' एक किलो सांगितलं. त्याने घड निवडताना वेळ घेतला, देठ हिरवे बघून घेतले, काटा एक किलोवर आला तरी वर अजून दोन घड ठेवले. मी म्हटलं, जास्त झाले, त्याचेही पैसे घ्या. त्याने मान हलवून घेतले, सुटे परत दिले. मी चार पावलं गेले असेन, मागे त्याची बायको विचारत होती, 'वळखीच्या हायत काय?'

'न्हाई,' तो म्हणाला, 'जुनं गिऱ्हाईक हाय.'